रोगजंतू हाताळणारी प्रयोगशाळा : कामाची शिस्त आणि कचऱ्याची विल्हेवाट

१. प्लेगचे वर्ष

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वसाहत एका साथीतून जन्मास आली. मुंबईच्या मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ही साथ देशाच्या इतर भागांत पसरत गेली आणि १८९८ च्या ऑगस्टात बंगळुरूस येऊन पोहोचली. जुन्या पेठांतील दाट वस्तीत तिने केलेली प्राणहानी पाहून शहराबाहेर मोकळ्या जागी दोन नव्या वसाहती आखण्यात आल्या : उत्तरेस मल्लेश्वरम आणि दक्षिणेस बसवनगुडी. सरळ व रुंद रस्ते, हवा आणि उजेड यांस वाव, व घरांच्या मागील बाजूने घाण वाहून नेण्यासाठी राखलेल्या गल्ल्या, असे या आखणीचे स्वरूप होते. घरात काय आणावयाचे याइतकाच घरातून काय आणि कोणत्या वाटेने बाहेर जावयाचे याचाही विचार आधी करावा लागतो, हा धडा त्या पिढीने फार मोठी किंमत देऊन घेतला.

आज अशा प्रत्येक नागरी वसाहतीत रक्त, थुंकी, लघवी इत्यादींची तपासणी करणाऱ्या लहानमोठ्या प्रयोगशाळा आहेत. रोगी माणूस तेथे काही मिनिटेच थांबतो. परंतु त्याच्या रोगाचे जंतू नमुन्याच्या रूपाने तेथे राहतात, कित्येकदा वाढविलेही जातात. ते तेथून कोणत्या वाटेने आणि कोणत्या अवस्थेत बाहेर पडतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचा विचार करण्यापूर्वी बसवनगुडीच्याच जन्मवर्षी घडलेली एक घटना पाहणे उपयुक्त ठरेल.

२. व्हिएन्ना येथील तीन मृत्यू

मुंबईतील प्लेगचा अभ्यास करण्यासाठी १८९७ साली ऑस्ट्रियाहून तज्ज्ञांचे एक मंडळ आले होते. हेर्मान म्युलर, हाइनरिश आल्ब्रेख्ट, आंटोन गोन व रुडोल्फ प्योख हे त्याचे सभासद होते. मुंबईत काही महिने काम करून हे मंडळ मायदेशी परतले, तेव्हा पुढील संशोधनासाठी त्यांनी प्लेगच्या जंतूंचे जिवंत संवर्ध बरोबर नेले. व्हिएन्ना येथील प्रयोगशाळेत त्या जंतूंवर प्राण्यांच्या साहाय्याने प्रयोग सुरू झाले.

फ्रान्झ बारिश हा त्या प्रयोगशाळेतील एक सेवक होता. प्राण्यांची निगा राखणे आणि स्वच्छता करणे ही त्याची कामे. १८९८ च्या ऑक्टोबरात तो आजारी पडला. प्रारंभी ते दुखणे प्लेगचेच आहे असे निश्चित झाले नाही. वस्तुतः त्यास फुफ्फुसाचा प्लेग झाला होता. या प्रकारात रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांनी रोग थेट दुसऱ्याच्या श्वासात जातो. बारिश मरण पावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर यांस लागण झाली आणि त्याच महिन्यात तेही दगावले. त्यानंतर शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बर्टिना पेखा हिचा अंत झाला. रोग्यांस ताबडतोब अलग ठेवल्यामुळे शहरात साथ पसरली नाही. मात्र ज्या नगरात प्लेगचा मागमूस नव्हता, तेथे तो केवळ प्रयोगशाळेच्या दारातून शिरला होता.

मृत्यू पावलेल्या तिघांपैकी जंतुशास्त्राचे ज्ञान असलेली व्यक्ती एकच होती. पहिला बळी संशोधकाचा नसून साफसफाई करणाऱ्याचा होता. ज्यास धोक्याची माहिती सर्वांत कमी, त्याच्या हाती धोक्याची वस्तू सर्वांत शेवटी आणि बहुधा उघडी येते. ही गोष्ट आजच्या प्रयोगशाळांसही तितकीच लागू आहे.

३. खाली पडलेला चिमटा

दुसरे उदाहरण मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेशी निगडित आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळ येथील जुन्या राजभवनात त्यांच्या प्रयोगशाळेत ही लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. तीच संस्था आज हाफकिन संस्था या नावाने प्रसिद्ध आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांस ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जणांस धनुर्वात होऊन ते मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस टोचलेले होते.

दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढे पुराव्याची छाननी झाली, तेव्हा निराळीच गोष्ट उघडकीस आली. बाटली गावात उघडली जात असता चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करता केवळ कार्बोलिकच्या पाण्यात घुसळून पुन्हा वापरण्यात आला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीर रीतीने हाफकिन यांची बाजू मांडल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त झाले.

धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि ते अतिशय चिवट असतात. जंतुनाशक द्रवाचा क्षणभर स्पर्श त्यांस पुरेसा होत नाही. ‘जंतुनाशकात बुडविले’ आणि ‘जंतू मेले’ या दोन विधानांत किती अंतर आहे, हे मुल्कोवालच्या घटनेवरून ध्यानात येते. पुढे विल्हेवाटीच्या पद्धती सांगताना प्रत्येक ठिकाणी काळाचे माप का दिले आहे, याचेही कारण हेच.

४. जंगलातील रोग आणि प्रयोगशाळेतील रोग

त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, १९५७ साली माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. १९५२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधून काढला. ते केंद्र आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. निसर्गात हा रोग माणसास मुख्यतः गोचिडीच्या चाव्याने होतो. परंतु या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतील अनेक कर्मचाऱ्यांसही त्याची लागण झाली.

यावरून एक महत्त्वाचे तत्त्व निघते. रोगाची निसर्गातील वाट आणि प्रयोगशाळेतील वाट एकच असते असे नाही. निसर्गात जो विषाणू गोचिडीवाचून सहसा शरीरात शिरत नाही, तो प्रयोगशाळेत एका घनसेंटिमीटरात अगणित संख्येने साठलेला असतो. तो ढवळला, सांडला किंवा शिंपडला गेला म्हणजे श्वासावाटे, डोळ्यावाटे अथवा त्वचेवरील लहानशा जखमेतूनही शिरू शकतो. ‘हा रोग हवेतून पसरत नाही’ या भरवशावर प्रयोगशाळेत निष्काळजी राहता येत नाही, ते यामुळेच.

अमेरिकेतील रॉबर्ट पाइक यांनी १९७६ साली प्रयोगशाळांत झालेल्या ३,९२१ लागणींची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाचांतील एकीचेही कारण ठाऊक असलेल्या अपघातात सापडेना. बाकीच्यांत सुई टोचली नव्हती, नळी फुटली नव्हती, काही सांडलेलेही कोणाच्या लक्षात आले नव्हते. कर्मचारी नेहमीचे काम नेहमीप्रमाणे करीत होते. धोका अपघातात असतो त्याहून अधिक तो रोजच्या हालचालींत असतो, असा याचा अर्थ होय.

५. जंतूंच्या चार वाटा

प्रयोगशाळेत जंतू शरीरात शिरण्याच्या मुख्य वाटा चार आहेत.

पहिली वाट श्वासाची. द्रव जोराने हलविला, पिपेटमधून शेवटचा थेंब फुंकून काढला, संवर्धाची तार ओली असतानाच ज्योतीत धरली किंवा नळ्या गरगर फिरविणारे सेंट्रिफ्यूज थांबताच उघडले, की बारीक तुषार उडतात. त्यांतील मोठे थेंब लगेच खाली बसतात. परंतु एक ते पाच मायक्रॉन आकाराचे कण हवेत बराच वेळ तरंगतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. क्षयाचे जंतू याच मार्गाने जातात.

दुसरी वाट तोंडाची. पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढण्याची पद्धत एकेकाळी सर्वत्र रूढ होती आणि तिने असंख्य लोकांस रोग दिला. रबरी फुगा किंवा यांत्रिक पिपेट उपलब्ध असता ती पद्धत चालू ठेवण्यास कोणतेही समर्थन उरत नाही. कामाच्या जागी चहा पिणे, नोंदवही लिहिताना लेखणी ओठांत धरणे, लेबल जिभेने ओले करणे या सवयीही याच वर्गातील होत.

तिसरी वाट त्वचेची. वापरलेली सुई टोचल्याने काविळीचा ‘बी’ विषाणू, काविळीचा ‘सी’ विषाणू आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तावाटे शिरू शकतात. लस न घेतलेल्या माणसास अशा एका टोचणीने ‘बी’ विषाणूची लागण होण्याची शक्यता शेकडा ६ ते ३० इतकी असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती शेकडा सुमारे ०.३ आहे. ‘बी’ विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. डाग वाळला म्हणजे तो निरुपद्रवी झाला, ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

चौथी वाट डोळे व नाक यांच्या ओलसर आवरणाची. नळीचे घट्ट बूच उघडताना उडालेला थेंब येथे पडतो. दूषित हातमोज्याने डोळा चोळल्यासही हेच घडते.

६. नमुना दारातून आत आल्यावर

बसवनगुडीतील असो वा बार्शीतील, प्रयोगशाळेने एक नियम प्रथम मान्य करावा लागतो : प्रत्येक नमुना रोगजंतूंनी युक्त आहे असेच समजावयाचे. ज्याच्या चिठ्ठीवर ‘काविळीचा संशय’ लिहिले आहे त्याच्याच रक्ताची काळजी घेणे म्हणजे ज्याचा रोग अद्याप कोणास ठाऊक नाही त्याच्या रक्ताने फसणे होय.

नमुन्याची नळी घट्ट बंद असावी, बाहेरून स्वच्छ असावी आणि उभी राहील अशा घोडीत ठेवलेली असावी. नमुन्याबरोबरची चिठ्ठी नळीभोवती गुंडाळू नये. नळी गळल्यास तीच चिठ्ठी हातोहात फिरते. सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर समान वजनाच्या ठेवाव्या, झाकण असलेल्या पेल्या वापराव्या आणि यंत्र थांबल्यावर काही मिनिटे वाट पाहूनच ते उघडावे. आत नळी फुटल्याचा संशय असल्यास यंत्र अर्धा तास बंदच ठेवावे, म्हणजे तुषार खाली बसतील.

तुषार उडण्याचा संभव असलेले काम जैवसुरक्षा कपाटात करावे लागते. या कपाटात खोलीतील हवा समोरील फटीतून आत ओढली जाते आणि बाहेर सोडण्यापूर्वी ती अतिसूक्ष्म गाळणीतून जाते. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे कणही शेकडा ९९.९७ इतक्या प्रमाणात अडविते. येथे एक घोटाळा टाळावयास हवा. केवळ स्वच्छ हवेचा झोत काम करणाऱ्याच्या तोंडाकडे सोडणारी मेजे दिसण्यात अशीच असतात. परंतु ती नमुन्याचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. त्यांवर रोगजंतूंचे काम करणे म्हणजे जंतू आपल्याच तोंडावर वारून घेण्यासारखे आहे. अशी साधने नसलेल्या लहान प्रयोगशाळेने क्षयाच्या जंतूंची वाढ करण्याचे काम अंगावर न घेता ते सुसज्ज प्रयोगशाळेकडे पाठवावे.

७. वर्गवारी : जेथे निर्मिती तेथेच

तपासणी संपली म्हणजे नमुन्याचा कचरा होतो. त्यातील जंतू मात्र तेच राहतात. भारतात या कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम १९९८ साली झाले आणि २०१६ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यांनुसार चार रंग ठरविण्यात आले आहेत. रक्ताने माखलेला कापूस, शरीराचे भाग, जंतुसंवर्ध आणि त्यांच्या थाळ्या पिवळ्या पिशवीत; प्लॅस्टिकच्या नळ्या, हातमोजे व सुईविरहित पिचकाऱ्या तांबड्या पिशवीत; सुया व पाती पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात; काचेच्या वस्तू निळी खूण असलेल्या पेटीत.

रंगांची ही योजना केवळ सोयीसाठी केलेली नाही. प्रत्येक रंगाचा पुढील मार्ग निराळा आहे. पिवळ्यातील कचरा मुख्यतः भट्टीत जाळला जातो. तांबड्यातील प्लॅस्टिक निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुन्हा उपयोगात आणावयाचे असते. एक सुई तांबड्या पिशवीत पडली तर ती पिशवी बांधणारा, उचलणारा, गाडीत टाकणारा आणि केंद्रावर निवडणारा, असे चार हात त्या सुईपुढे येतात. म्हणून वर्गवारी दिवसाअखेर ढिगातून करावयाची नसून वस्तू हातातून सुटते त्याच क्षणी करावयाची असते. डबे कामाच्या मेजाशेजारी असावे. सुईला पुन्हा टोपण लावू नये. डबा तीनचतुर्थांश भरताच बंद करावा.

८. उष्णता, रसायन आणि वेळ

जंतुसंवर्ध, रक्ताचे नमुने आणि तत्सम कचरा प्रयोगशाळेच्या बाहेर पडण्यापूर्वी तेथेच निर्जंतुक केला पाहिजे, असा नियम आहे. तो पुढे सामुदायिक केंद्रात जाऊन नष्ट होणारच असताना हा दुहेरी खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कित्येकदा विचारला जातो. त्याचे उत्तर वाटेत आहे. प्रयोगशाळेपासून केंद्रापर्यंतच्या अनेक किलोमीटरांच्या प्रवासात पिशवी फाटू शकते, गाडी उलटू शकते, कुत्री पिशवी ओढू शकतात. पिशवीतील जंतू आधीच मेलेले असतील तर अशा अपघातात केवळ घाण सांडेल, रोग सांडणार नाही.

यासाठी सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे ऑटोक्लेव्ह, अर्थात दाबाखालील वाफेचे पात्र. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्या उष्णतेस काही बीजाणू दाद देत नाहीत. चौरस इंचास १५ पौंड अधिक दाब दिल्यास वाफेचे तापमान १२१ अंशांवर जाते. अशी वाफ थंड वस्तूस लागताच तिचे पाणी होते आणि त्या वेळी दर ग्रॅममागे पाचशेहून अधिक कॅलरी उष्णता त्या वस्तूस मिळते. कोरड्या उष्णतेस हेच काम करण्यास १६० अंशांवर दोन तास लागतात, ते या कारणाने.

परंतु पात्रात हवा अडकून राहिली तर वाफ कचऱ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. पिशव्या ठासून भरल्या किंवा घट्ट बांधल्या, की काटा १२१ अंश दाखवितो आणि आतील जंतू जिवंत राहतात. म्हणून पिशवीचे तोंड सैल ठेवावे आणि पात्रात मोकळी जागा सोडावी. कचऱ्यासाठी १२१ अंशांवर किमान ६० मिनिटे हे नियमांतील माप आहे. प्रत्येक वेळी रंग बदलणारी पट्टी आत ठेवावी आणि ठराविक काळाने ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या अतिचिवट जंतूचे बीजाणू आत ठेवून चाचणी घ्यावी. ते बीजाणू मेले तर यंत्र विश्वसनीय. जगले तर काटा काहीही दाखवो, यंत्र दुरुस्तीस काढावे.

द्रव पदार्थांसाठी आणि मेजाच्या स्वच्छतेसाठी सोडियम हायपोक्लोराइटचा एक ते दोन टक्के द्राव वापरतात. बाजारात पाच टक्क्यांचा द्राव मिळाल्यास त्याच्या एका भागात चार भाग पाणी घातले म्हणजे तो एक टक्क्याचा होतो. हा द्राव प्रकाशाने व उष्णतेने क्षीण होतो, म्हणून तो रोज ताजा करावा. रक्त, पू इत्यादी सेंद्रिय द्रव्य त्यातील क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून भरपूर द्राव घ्यावा आणि निदान वीस ते तीस मिनिटे वाट पाहावी. त्यात आम्ल कधीही मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. तसेच या द्रावात भिजलेल्या वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालू नयेत.

रक्त किंवा संवर्ध जमिनीवर सांडल्यास प्रथम इतरांस दूर करावे. हातमोजे घालून सांडलेल्या जागेवर शोषक कापड टाकावे, कडेपासून मध्याकडे द्राव ओतावा आणि अर्ध्या तासानंतर ते चिमट्याने उचलावे. फुटलेली काच हाताने कधीही गोळा करू नये.

९. शेवटचा हात

सुई टोचल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये व तोंडात धरू नये. घटना ताबडतोब कळवावी. एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. भीतीने किंवा संकोचाने एक दिवस गप्प राहिलेला माणूस त्यातील मोलाचा काळ गमावतो. म्हणून अपघात कळविणाऱ्यास दोष देणारी प्रयोगशाळा स्वतःच धोका वाढविते.

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास काविळीच्या ‘बी’ विषाणूची व धनुर्वाताची लस देणे, नेमणुकीच्या वेळी आणि वर्षातून किमान एकदा त्याची आरोग्यतपासणी करणे, ही नियमाने प्रयोगशाळेवर टाकलेली जबाबदारी आहे. ‘प्रत्येक’ या शब्दात पदवीधर तंत्रज्ञ येतो, तसाच सायंकाळी येऊन पिशव्या बांधणारा सफाई कामगारही येतो. तो कंत्राटाने नेमलेला आहे, ही सबब विषाणू मानीत नाही. त्यास जाड हातमोजे व बंद पादत्राणे मिळाली पाहिजेत आणि कोणत्या रंगाच्या पिशवीत काय आहे, हे त्याच्या स्वतःच्या भाषेत समजावून दिले पाहिजे. बंगळुरूसारख्या शहरात ही भाषा कन्नड असेल, तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा मराठीही असेल. भिंतीवरील इंग्रजी तक्ता त्याचे रक्षण करीत नाही.

एखाद्या प्रयोगशाळेची परीक्षा करावयाची झाल्यास तिची यंत्रे पाहण्यापूर्वी तिच्या मागील दाराशी जावे. तेथे पिशव्या बांधलेल्या व खूण केलेल्या आहेत काय, नियमाने ठरविलेल्या ४८ तासांपेक्षा अधिक काळ कचरा पडून आहे काय, ऑटोक्लेव्हची नोंदवही आजपर्यंत भरलेली आहे काय, आणि पिशवी उचलणाऱ्या माणसास लसीच्या तिन्ही मात्रा मिळाल्या आहेत काय, हे विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असल्यास त्या प्रयोगशाळेत काम करणारे, तिच्या शेजारी राहणारे आणि तिचा कचरा वाहून नेणारे, हे सर्व बऱ्याच अंशी सुरक्षित आहेत असे समजावयास हरकत नाही.